मिशी, बाळी आणि मार्दव



यंदा दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी, उत्तम मार्दवाच्या दिवशी, पुण्याला शिकणारा माझा नातू गणपतीच्या सुट्टीत देऊळगाव राजाला आला. एका कानात चांदीची बारीक बाळी, वाढलेले केस मागे बांधलेले, दाढी कोरलेली आणि बॅगेत फेसवॉश, सनस्क्रीन अशा चार-पाच बाटल्या. आम्ही दोघं नुकतेच मंदिरातून प्रवचन ऐकून आलो होतो. यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हे काय पोरीवानी घातलं रे कानात?" पोराचं तोंड उतरलं. तो पाया पडला आणि आत गेला. जेवताना आजोबा-नातू एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

मार्दव म्हणजे मृदूपणा. अहंकार गळून पडला की जो उरतो तो. तासभर आम्ही तेच ऐकून आलो होतो.

दुपारी मी कपाटातून सासऱ्यांचा लग्नातला फोटो काढला आणि यांच्यासमोर ठेवला. डोक्याला फेटा, कोटाला सोन्याची बटणं, गळ्यात गोफ आणि दोन्ही कानांत बाळ्या. कमरेचा करदोडा फोटोत दिसत नाही, पण तो खामगावच्या चांदीचा होता, हे सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या. "हे मामंजी पोरीवानी दिसतात का?" मी विचारलं. यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि वर्तमानपत्र उघडलं.

मैत्रिणींनो, आपल्या पुरुषांनी नटणं कधी सोडलं होतं? पेशवाईत भिकबाळी मोठ्या घरच्या पुरुषाच्या कानात शोभायची. फेटा बांधायला, मिशीला पीळ द्यायला वेळ लागायचाच. मग साहेबाचं राज्य आलं, शेंड्या गेल्या, भांग आले, कोट आले. तेव्हाही घरोघरी म्हातारी माणसं रागावली असतील. १९७० च्या दशकात केस कानांवर आले आणि विजारींचे पाय घेरदार झाले, तेव्हा आमचे हेच त्या फॅशनमध्ये होते. लग्न ठरवताना आलेला यांचा फोटो माझ्याकडे आहे. त्यातला कॉलर पाहून नातू दुसऱ्या दिवशी पोट धरून हसला.

आमच्या गावापासून सिंदखेड राजा जवळच. दर १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला तिथे गर्दी लोटते. हल्ली त्या गर्दीत शेकडो तरुण महाराजांसारखी दाढी राखून, कपाळावर चंद्रकोर लावून, भगवा फेटा बांधून आलेले दिसतात. पाहायला छान वाटतं. पण दाढी महिन्या-दोन महिन्यांत वाढते. महाराजांची शिस्त अंगी यायला जिजाऊंसारखी आई आणि बरीच वर्षं लागतात. शत्रूच्या स्त्रियांना त्रास द्यायचा नाही, हा महाराजांचा नियम खाफीखानासारख्या विरोधी इतिहासकारानेही लिहून ठेवला आहे. बळ असून हात आवरणं, हा त्या पराक्रमाचाच भाग होता.

आपल्या धर्मात तर याचं फार मोठं उदाहरण आहे. बाहुबली! नावातच बाहूंचं बळ. भरताशी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, तिन्ही जिंकले. मल्लयुद्धात मोठ्या भावाला उचललं, पण जमिनीवर आपटलं नाही, सन्मानाने खाली ठेवलं. आणि जिंकलेलं राज्य सोडून वनात गेले. श्रवणबेळगोळची ५७ फूट उंच मूर्ती चामुंडरायांनी दहाव्या शतकात घडवून घेतली. तिच्या चेहऱ्यावर दाढी नाही, मिशी नाही, अंगावर दागिना नाही, वस्त्रही नाही. डोक्यावर कुरळे केस आणि ओठांवर अगदी हलकं स्मित. आमच्या मंदिरातल्या चोवीस तीर्थंकरांपैकी एकालाही मिशी नाही. आपण रोज ज्यांच्यापुढे डोकं टेकवतो, त्यांच्या पुरुषार्थाला मिशीची गरज पडली नाही. आणि आपण घरच्या पोराचं पौरुष त्याच्या कानात शोधतो.

मी इतकी का चिडले, ते आता सांगते. हा शब्द आमच्या घरात पूर्वीही एकदा आला होता.

आमचा मुलगा, म्हणजे या नातवाचा बाप, तेरा वर्षांचा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्याने माझ्या डब्यातली पावडर आणि स्नो लावला. घरी पाहुणे होते. यांनी सगळ्यांदेखत त्याला थोबाडीत दिली आणि म्हणाले, "बायल्या!" पोरगं रडायला लागलं, तर "रडतोस काय बाईसारखा" असं वर ऐकवलं. मी ओट्याशी उभी होते. पाहुण्यांसमोर बोलायचं कसं, म्हणून गप्प बसले. ही चूक माझी. त्यानंतर तो मुलगा माझ्यासमोर रडलेला मला आठवत नाही. सगळे म्हणाले, पोरगा समजूतदार झाला.

सहा वर्षांपूर्वी मी दुकानाच्या खतावण्या तपासत होते. मी बी.कॉम. झालेली, घरच्या दुकानाचे हिशेब अजून मीच पाहते. 'इतर खर्च' या खात्यात दर महिन्याला एकच रक्कम पडलेली दिसली. चौदा महिने. व्याजाशिवाय असा ठरलेला आकडा दुसरा कशाचा असणार? त्याला एकटं गाठून विचारलं. उधारी बुडाली होती, त्याने बाहेरून कर्ज काढलं होतं. बायकोला माहीत नाही, बापाला नाही, मला नाही. रात्री झोप लागत नव्हती. "सांगितलं का नाहीस?" म्हटल्यावर म्हणाला, "आई, पुरुषाने रडगाणं गायचं नसतं." कर्ज फिटलं. पण खतावणी उघडली नसती तर काय झालं असतं, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो.

कारण मी बुलढाणा जिल्ह्यात राहते. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यात आपला जिल्हा होता. कर्ज, नापिकी, भाव ही कारणं खरीच, ती शब्दांनी मिटत नाहीत. पण देशात आत्महत्या करणाऱ्या दर १०० जणांत ७० हून अधिक पुरुष असतात, हे सरकारी आकडे सांगतात. आपलं दुःख बोलून दाखवणं बायकी आहे, असं लहानपणीच ज्याच्या गालावर उमटवलंय, तो माणूस अडचणीत कोणाकडे जाणार?

आणि 'बायकी' ही शिवी कशी झाली? मी बाई आहे. एकाच शब्दात पोराचाही अपमान आणि माझाही.

याचा अर्थ बाजारातली प्रत्येक बाटली मला पटते असं नाही. पुरुषांची गोरं करणारी क्रीम २००५ पासून विकली जातात. आधी मुलींना काळेपणाची लाज विकली, मग मुलग्यांना. हे काही मार्दव नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, शेव्हिंग क्रीम आणि सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वस्त झालं म्हणून दुप्पट घेतलं, तर वाचलं काय? आपले मुनी स्वतःच्या हाताने केशलोच करतात. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढं जमणार नाही, पण परिग्रहाची मर्यादा तर घालता येते. नातवाला मी म्हटलं, चार बाटल्यांच्या दोन कर. आणि घेताना विचार, यात कोणाचा जीव गेलाय का? दाढीचा ब्रश डुकराच्या केसांचा असू शकतो, केराटिन लोकर-पिसांतून काढतात, पट्टा चामड्याचा असतो, लग्नातली रेशमी शेरवानी किड्यांच्या कोशांची. त्याने मोबाइलवर एकेक बाटली तपासली आणि एक बाजूला काढली. असं विचारलं की मुलं ऐकतात. टोमणा मारला की दार लावून घेतात.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणालो. नातवाच्या पाठीवर हात ठेवून यांनीही म्हटलं. मग मुलाकडे वळून, जरा अडखळत, म्हणाले, "त्या गॅदरिंगच्या दिवसाचीही क्षमा कर रे." मुलगा हसला. "मला आठवतही नाही बाबा," म्हणाला. पण दुकान उघडायची वेळ झाली तरी तो ओसरीवरून उठला नाही. बापाशेजारी बराच वेळ बसून राहिला.

नातवाच्या कानात बाळी अजून आहे. यांना ती अजूनही आवडत नाही, आणि तसं ते सांगतातही. फक्त 'पोरीवानी' म्हणत नाहीत. तुमच्याही घरातून हा एक शब्द काढून टाका. आणि आज संध्याकाळी मुलगा, नवरा, भाऊ घरी आले की चहा देताना विचारा, "सगळं ठीक चाललंय ना रे?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ बसा.