नाताळची टर्की आणि दुसऱ्या पाळीचे ताट

अखंड पक्षी भाजून मेजावर आणण्याची रीत मराठी घरांत मुळातली नव्हे. आपली कोंबडी तुकड्यांत शिरते, वाटणात मुरते आणि रश्श्यात उकळते. परंतु पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत डिसेंबरअखेरीस वेगळे दृश्य दिसू लागले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून येथे देशाच्या चारही दिशांची माणसे येऊन वसली. त्यांत गोव्याची आणि केरळची ख्रिस्ती कुटुंबेही होती. २००९च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आले आणि जर्मन अभियंत्यांचे शेजार लाभले. शिवाय अमेरिकेत चार वर्षे राहून परतलेला मुलगा आणि सून कुठल्या सोसायटीत नाहीत? ओट्यावर मावणारी विजेची भट्टी आता आवाक्यात आली आहे, आणि नाताळला किंवा एकतीस डिसेंबरला त्यात कोंबडी, हौस असेल तर टर्की, अखंड भाजावी असे अनेक घरांत ठरते.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. गंमत अशी की इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात आणि पोर्तुगीज ‘पेरू’. आपल्याकडे पेरू हे फळाचे नाव झाले, पक्ष्याचे नव्हे. हिंदुस्थानात तो पोर्तुगिजांच्या गोव्यातून आला. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की होती. जहांगीर बादशहाने तिचे वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरने तिचे चित्र काढले. म्हणजे चारशे वर्षांची ओळख आहे. तरी मराठी स्वयंपाकघरात ती अजून पाहुणीच आहे, आणि पाहुण्यांच्या बाबतीत चुका होतात.

चुका पाककृतीत क्वचित होतात. मसाला कोणता लावावा, लोणी किती चोपडावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. चूक होते ती वेळेत: पक्षी दुकानातून निघाल्यापासून भट्टीत जाईपर्यंतच्या, आणि भट्टीतून निघाल्यापासून शेवटच्या माणसाच्या ताटात पडेपर्यंतच्या. आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा शेवटचा माणूस बहुधा दुसऱ्या पाळीहून परतणारा असतो. त्याच्या ताटाचा विचार या लेखात मुख्यत्वे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रश्श्याच्या सवयीने आपण थोडे निर्धास्त झालो आहोत. लहान तुकडे उकळत्या रश्श्यात अर्धा तास राहिले की त्यांच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचतेच. तेथे मोजमापाची गरज पडत नाही. अखंड पक्ष्याचे तसे नाही. बाहेरची कातडी सोनेरी होऊन तडतडू लागते तेव्हा मांडीच्या सांध्यापाशी मांस कच्चे असू शकते. कोंबडीच्या कच्च्या मांसात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असण्याची शक्यता नेहमी धरावी लागते. यांपैकी दुसरे नाव पुणेकरांना नवे नाही. २०२५च्या जानेवारीत पुणे परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे वृत्तपत्रांतील ‘जीबीएस’चे, रुग्ण एकाएकी वाढले. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतही ते आढळले. तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. संशयाचा मुख्य रोख दूषित पाण्याकडे होता, हे खरे. आणि या जंतूची बाधा झालेल्यांपैकी फारच थोड्यांना हा मज्जातंतूंचा विकार होतो, हेही खरे. पण हा जंतू पुरेशा उष्णतेने हमखास मरतो, आणि ती उष्णता देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

ती उष्णता म्हणजे मांसाच्या गाभ्याशी ७४ अंश सेल्सियस. छातीच्या सर्वांत जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूस, हाडाला न टेकवता, थर्मामीटरची सुई खुपसून ती पाहावी. मांडी ८० अंशांपर्यंत गेली तर अधिक मऊ लागते. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो. तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी, कारण त्याची धाव ४२-४३ अंशांपुढे जात नाही. सुरी टोचून रस स्वच्छ आला म्हणजे झाले, ही खूण भरवशाची नाही. भट्टीवर हजारो रुपये घालवणाऱ्या घराने काहीशे रुपयांच्या थर्मामीटरपाशी हात आखडता घ्यावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

टर्की बहुधा गोठवलेली मिळते, आणि येथे पहिला वेळेचा प्रश्न येतो. ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवून सैल होऊ द्यावी. दर दोन ते अडीच किलोस एक पूर्ण दिवस लागतो; पाच किलोंच्या पक्ष्याला दोन दिवस धरावेत. घाई असेल तर घट्ट पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि किलोमागे सुमारे एक तास मोजावा. अशी सैल केलेली टर्की मात्र लगेच भट्टीत गेली पाहिजे. रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी पाहू, हे करू नये. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे गारठा असतो म्हणून ओटा काही फ्रीज होत नाही. बाहेरचा थर उबेला येऊन जंतू वाढू लागतात तेव्हा पोटात बर्फच असतो.

या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. येथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि दत्ताचा, साईबाबांचा किंवा स्वामी समर्थांचा म्हणून मांसाहार वर्ज्य असलेला वारही अनेक घरांत गुरुवारच. त्यात मार्गशीर्षातील गुरुवारची लक्ष्मीपूजा आली की प्रश्नच नाही. मग होते असे, की बुधवारी संध्याकाळी दुकानातून ताजी कोंबडी आणली जाते आणि बेत शुक्रवारचा किंवा शनिवारचा असतो. ताजी कोंबडी फ्रीजमध्ये एक ते दोन दिवसच ठेवावी. बेत त्यापलीकडचा असेल तर आणल्याबरोबर गोठवावी, किंवा आदल्या दिवशीच आणावी. उपवासाचे साबुदाणे आणि कच्चे मांस एकाच कप्प्यात ठेवणे अनेकांच्या मनाला रुचत नाही. आरोग्यशास्त्रालाही ते रुचत नाही. कच्चे मांस नेहमी झाकून, सर्वांत खाली.

मांस धुण्याविषयी. हळद-मीठ लावून नळाखाली खळखळून धुण्याची आपली पद्धत जुनी आहे. तिच्यामुळे जंतू मरत नाहीत. पाण्याच्या तुषारांबरोबर ते शेजारच्या कोथिंबिरीवर आणि धुतलेल्या भांड्यांवर मात्र जातात. कागदी रुमालाने पक्षी टिपून घेणे पुरेसे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना धुतल्याशिवाय चालणारच नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे आणि मग सिंक, नळ, पाट व हात साबणाने घासून काढावेत.

आता भट्टीची निवड. तीस लिटरच्या आसपासच्या ओटीजीत दीड किलोची कोंबडी सुखाने मावते; पाच किलोंच्या टर्कीची छाती मात्र वरच्या सळीला टेकते, कातडी करपते आणि आतले मांस कच्चे राहते. अमेरिकेत यासाठी खोल कढईसारखे, झाकणाचे विजेचे रोस्टर वापरतात. परतताना ते सामानात घालून आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. तेथील यंत्र १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची. १,४५० वॅटचे रोस्टर आपल्या प्लगात सरळ खुपसले तर ते जवळजवळ पावणेचार पट वीज ओढू पाहील. तार जळणे हा त्यातला सौम्य परिणाम. मोठा ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येते, पण वर्षातून एका दिवसासाठी तेवढे लोखंड घरात बाळगण्यात मला शहाणपण दिसत नाही. येथे विकत घेतलेल्या यंत्रालाही १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लगच हवा. लहान ६ अँपिअरच्या प्लगाची मर्यादा जेमतेम १,३८० वॅटची, आणि येथे भार दोन-तीन तास अखंड असतो. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

झाकणाच्या रोस्टरमध्ये वाफ कोंडते, त्यामुळे मांस रसरशीत राहते. कातडी मात्र फिकट आणि मऊ निघते. हा यंत्राचा दोष नव्हे, स्वभाव आहे. आदल्या रात्री पक्ष्याला मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडा ठेवला की कातडी सुकते आणि रंग बरा येतो. यंत्र १६५ अंशांच्या खाली ठेवू नये. टर्कीला किलोमागे साधारण अर्धा तास, दीड किलोच्या कोंबडीला १८० अंशांवर सव्वा ते दीड तास. पण घड्याळ हा केवळ अंदाज, निकाल थर्मामीटरचा. झाकण वारंवार उघडून पाहू नये, दर वेळी उष्णता निसटते. पोटात भात किंवा खिमा भरण्याचा हट्ट सोडावा. कच्च्या मांसाचा रस त्या सारणात झिरपतो आणि सारणाचा मध्य ७४ अंशांना सर्वांत शेवटी पोहोचतो. पोटात अर्धे लिंबू, कांदा आणि लसणाचा गड्डा पुरे. पुलाव वेगळा करावा.

मध्येच वीज गेली तर? झाकण बंदच ठेवावे. थोड्या वेळात येण्याची चिन्हे नसतील तर पक्षी बाहेर काढून तुकडे करावेत आणि लगेच गॅसवर कुकरमध्ये शिजवावेत. टर्कीचा रस्सा होईल. शेजारच्या जर्मन कुटुंबाला तो अधिकही आवडेल.

आता ते ताट. संध्याकाळी साडेसातला पक्षी निघतो, वीस मिनिटे मुरतो, आठ-साडेआठला घरातील सर्व जेवतात. घरातील एकजण दुसऱ्या पाळीला असतो. कंपनीची बस त्याला उतरवते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. त्याच्यासाठी अख्खी तंगडी आणि छातीचा तुकडा राखलेला असतो, तो गार होऊ नये म्हणून बंद केलेल्या भट्टीतच झाकून. प्रेमाने केलेली ही व्यवस्था जंतूंसाठी सर्वांत सोयीची असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जंतू बीजाणूंच्या रूपाने भाजणीतही तग धरतो. मांसाचा मोठा गोळा सावकाश निवत चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रेंगाळला की हे बीजाणू जागे होतात आणि दहा-बारा मिनिटांत दुप्पट होत जातात. दोन तासांत एकाचे हजार होतात, चार तासांचा हिशेब वाचकांनीच करावा. वास बदलत नाही, चवही बदलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात कळा येतात, जुलाब होतात आणि दोष कॅन्टीनच्या उसळीला लागतो. धडधाकट माणूस बहुधा एका दिवसात सावरतो. तेच उरलेले मांस सकाळी आजोबांनी खाल्ले तर गोष्ट इतकी सोपी राहत नाही.

म्हणून अन्न एकतर ६० अंशांच्या वर असावे, नाहीतर फ्रीजमध्ये. मधल्या अवस्थेत एकूण दोन तासांहून अधिक नको. जेवायला बसण्यापूर्वीच त्याचा वाटा हाडावरून सोडवून, उथळ स्टीलच्या डब्यात पसरून ठेवावा आणि वाफ निवाली की फ्रीजमध्ये टाकावा. तो आला की थोडा रस्सा किंवा पाणी घालून झाकण ठेवून खळखळ उकळी येईपर्यंत गरम करावे. कोमट करून वाढू नये. यंत्रावर ‘वॉर्म’ असे बटण असेल तर त्यावर विसंबण्यापूर्वी आतले मांस खरोखर ६० अंशांवर राहते का, हे एकदा मोजून पाहावे.

याहून चांगला उपाय म्हणजे जेवण दुपारी करावे. सणाचे जेवण रात्रीच असावे असा कोणताही दंडक नाही. अमेरिकेतही थँक्सगिव्हिंगची टर्की पुष्कळ घरांत दुपारीच कापली जाते. सकाळी आठला भट्टी लावली तर साडेबाराला पाने मांडता येतात आणि दुसऱ्या पाळीचा माणूस सर्वांबरोबर गरम जेवून दोनच्या बसला जातो. आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता आधीच माहीत असतो. तो पाहून दिवस ठरवावा.

पोषणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कातडी काढलेली छाती, टर्कीची असो वा कोंबडीची, शंभर ग्रॅमला सुमारे तीस ग्रॅम प्रथिने देते आणि चरबी अल्प असते. टर्की खाल्ल्याने झोप येते, ही समजूत निराधार आहे. झोप भरल्या पोटाने येते. गोठवलेल्या टर्कीत पुष्कळदा मिठाचे पाणी आधीच भरलेले असते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी वेष्टनावरील सोडियमचा आकडा वाचावा आणि वरून मीठ चोळू नये. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण पाळावे.

उरलेले मांस फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस टिकते. सांगाडा त्याच दिवशी मिरे, आले आणि कांद्याची पात घालून दोन तास मंद उकळला तर उत्तम सूप होते. तेही उथळ भांड्यांत वाटून गार करावे. पातेलेभर सूप तसेच फ्रीजमध्ये ढकलले तर त्याचा मध्य पहाटेपर्यंत कोमट राहतो. राहिला डबा. सकाळी साडेसहाला भरलेला, चाकणला पोहोचून साडेबाराला उघडलेला डबा सहा तास उबेत असतो. कंपनीत फ्रीज आणि गरम करण्याची सोय असेल तरच त्यात हे मांस द्यावे. नसेल तर त्या दिवशी चटणी-पोळी आणि सुकी भाजी, आणि टर्की रात्रीसाठी घरीच.