डब्यातील नाणी आणि त्यांचे मोल

कर्नाटकातील आनेकल येथून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे मामंजी टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांनी हयातभर जमविलेल्या नाण्यांचा एक पत्र्याचा डबा घरात आहे. त्यात पंडित नेहरूंचे चित्र असलेला रुपया, गांधीजींच्या चित्राची दहा रुपयांची दोन चांदीची नाणी व एक वीस पैशांचे नाणे, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे दोन रुपयांचे, श्रीशिवछत्रपतींचे दोन रुपयांचे, महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपयांचे आणि वैष्णोदेवीच्या चित्राची काही नाणी आहेत. त्यांचे चिरंजीव इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतात. टांकसाळीतून निघणारे प्रत्येक नवे स्मारक नाणे ते पेटीसह मागवितात आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी ह्याचेच पैसे उभे राहतील, असे घरात सांगतात. गेल्या महिन्यात एक दूरध्वनी आला. वैष्णोदेवीच्या एका नाण्याचे अकरा लाख रुपये मिळतील, मात्र कराचे बारा हजार आधी भरावे लागतील, असे पलीकडील गृहस्थाने सांगितले व रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे एक पत्रही पाठविले. "बारा हजार भरावे काय, आणि ह्या डब्याची खरी किंमत तरी किती?" असे बाईंनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : नाही. जुनी नाणी व नोटा ह्यांच्या खरेदी-विक्रीत आपल्या नावाचा व मुद्रेचा गैरवापर होत असल्याचे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते. आपण असल्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही, असेही तिने त्या वेळी स्पष्ट केले होते. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, ही व्यवहारातली साधी गोष्ट अकरा लाखांच्या आकड्यापुढे विसरली जाते. वैष्णोदेवीची ही पाच व दहा रुपयांची नाणी २०१२ सालची आहेत आणि ती सर्रास व्यवहारात आलेली आहेत. लक्षावधी घरांत जी वस्तू पडून आहे, तिला अकरा लाख कोण व कशासाठी देईल? पैसे भरून गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र एवढे थोडक्यात उत्तर देता येत नाही.

आनेकल हे नाव वाचताच आमच्या मराठी कानांना प्रथम आणे-पैच आठवले. कन्नडात 'आने' म्हणजे हत्ती. टिपू सुलतानाच्या तांब्याच्या पैशांवर हत्तीच असे, तेव्हा नाण्यांच्या विषयाला हे गाव अगदीच परके नाही. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य बेंगळुरास होते. मराठीचा त्या प्रदेशाशी संबंध तेवढा जुना आहे. शिवरायांच्या सोन्याच्या नाण्याला आपण 'होन' म्हणतो, तो शब्दही कन्नडातील 'होन्नु' म्हणजे सोने, त्याचेच रूप होय.

एकाच नाण्याला तीन वेगवेगळ्या किमती असतात आणि त्यांची गल्लत झाली की फसगत ठरलेलीच. नाण्यावर जो आकडा असतो ती दर्शनी किंमत. ज्या धातूचे नाणे बनले ती धातूची किंमत. आणि संग्राहक जे द्यावयास तयार होतो ती तिसरी. पहिल्या दोन कागद-पेन्सिल घेऊन काढता येतात. तिसरी गिऱ्हाईक समोर उभे राहीपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.

स्वतंत्र भारताने पहिली स्मारक नाणी काढली ती १९६४ साली, नेहरूंच्या निधनानंतर : एक रुपया आणि पन्नास पैसे. तो रुपया निकेलचा आहे. बाईंनी घरातील लोहचुंबक त्याला लावून पाहावा, तो चिकटेल. चांदीची नाणी चिकटणार नाहीत. तांबे व निकेल ह्यांच्या मिश्रणाची, म्हणजे शिवछत्रपतींच्या दोन रुपयांसारखी नाणीही चिकटणार नाहीत. चांदीचे म्हणून कोणी दिलेले नाणे चुंबकाकडे धावले, तर त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण उरत नाही. ही परीक्षा मुलांनाही फार आवडते.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया व दहा रुपये अशी चार नाणी निघाली. ह्यांतील दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅम वजनाचे असून त्यात शेकडा ऐंशी चांदी आहे, म्हणजे बारा ग्रॅम शुद्ध चांदी. पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी दहा रुपयांचेच चांदीचे नाणे पुन्हा निघाले. ते साडेबावीस ग्रॅमचे. हातात घेतले तर दीडपट जड लागते आणि पाहणाऱ्याला साहजिकच अधिक मोलाचे वाटते. परंतु त्यात चांदी शेकडा पन्नासच, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. नाणे वाढले आणि चांदी घटली! आकारावरून मोल ठरविणाऱ्यांनी ही दोन नाणी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

चांदीचा भाव रोज बदलतो. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी किलोस एक लाख रुपये धरला तर ग्रॅमला शंभर रुपये पडतात. त्या हिशेबाने गांधीजींच्या एका नाण्यात बाराशे रुपयांची चांदी भरते. दोन्हींत मिळून चोवीसशे. बाईंनी त्या दिवसाचा सराफी भाव घालून हाच गुणाकार करावा. डब्यातील ज्या दोन नाण्यांविषयी ठामपणे काही सांगता येते, ती हीच. तथापि नाणी वितळविणे हा २०११ च्या नाणेविषयक कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यामुळे ही धातूची किंमत व्यापारी तळाची किंमत म्हणून मनात धरतो एवढेच, सोनाराच्या मुशीत घालून ती वसूल करावयाची नाही. गांधीजींचे वीस पैशांचे नाणे मात्र उलट टोकाला आहे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी जून २०११ अखेर चलनातून रद्द झाली, तेव्हा त्याची दर्शनी किंमत शून्य झाली. आता संग्राहक देईल तेच त्याचे मोल.

सत्तरीच्या दशकात सरकारने नाण्यांकडून प्रचारकाचे काम करून घेतले. अधिक धान्य पिकवा, नियोजित कुटुंब, विकासासाठी बचत, सर्वांना अन्न व निवारा असे विषय त्या काळच्या नाण्यांवर आहेत. ही नाणी आजही स्वस्तात मिळतात आणि एखाद्या मुलाला संग्रहाची गोडी लावावयाची असेल तर आम्ही त्यांचीच शिफारस करू. त्यांतून देशाचा इतिहास तरी कळतो.

आता चिरंजीवांच्या पेट्यांकडे वळू. त्यांत 'प्रूफ' म्हणून जे नाणे येते, त्या शब्दाने आमच्यासारख्या छापखान्याशी संबंध असलेल्या माणसाचा प्रथम गोंधळ उडतो. आमच्याकडे प्रूफ म्हणजे चुका शोधण्याचा कागद. टांकसाळीत प्रूफ म्हणजे सर्वांत निर्दोष प्रत. त्यासाठी ठसे व कोऱ्या चकत्या घासून चकचकीत करतात आणि प्रत्येक चकतीवर एकाहून अधिक वेळा ठसा मारतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी लखलखते आणि चित्र मात्र दुधट, धुरकट दिसते. ह्या दोहोंतील फरक जितका स्वच्छ तितके काम चांगले. नाणे दिव्याखाली तिरपे धरून फिरवावे. आरशावर केसासारखे ओरखडे आहेत काय, बोटाचा ठसा उमटला आहे काय, चेहऱ्याच्या उंच भागावर, नाकावर किंवा गालावर, ठसा पुरता बसला आहे काय, अक्षरांच्या कडा तुटल्या आहेत काय, हे पाहावे. पेटी कितीही मखमली असली तरी ती नाण्याचा गुण वाढवीत नाही. आमचे स्पष्ट मत सांगावयाचे तर १९६९ च्या गांधींच्या मस्तकात जी साधी ऐट आहे, ती अलीकडील पुष्कळ चेहऱ्यांत नाही. नावाचा मजकूर वाचल्यावाचून व्यक्ती ओळखता येऊ नये, अशीही काही नाणी आमच्या पाहण्यात आली आहेत.

ह्या पेट्यांतील आकडे मोठे गमतीचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या पंच्याहत्तरीला पंच्याहत्तर रुपये, रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीला दीडशे रुपये, डॉ. आंबेडकरांच्या एकशेपंचविसाव्या जयंतीला एकशे पंचवीस रुपये. जितकी वर्षे तितके रुपये, असा हा हिशेब. त्या आकड्याचा धातूशी संबंध नसतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० साली हजार रुपयांचे नाणे निघाले. ते पस्तीस ग्रॅमचे व शेकडा ऐंशी चांदीचे आहे, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम चांदी. नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनाचे २०२३ चे पंच्याहत्तर रुपयांचे नाणेही पस्तीस ग्रॅमचेच, पण चांदी शेकडा पन्नास, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकीचे तांबे, निकेल व जस्त. ह्यांतील कोणतेही नाणे वाण्याच्या गल्ल्यात जाण्यासाठी काढलेले नसते. टांकसाळ ती संग्राहकांना दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने विकते. त्या भावात धातू असतो, मजुरी असते, पेटी असते, कर असतो. उद्या विकावयास गेल्यास मजुरी, पेटी आणि कर कोणी परत करीलच असे नाही. शिवाय ज्याने ज्याने ते नाणे विकत घेतले त्याने ते जपूनच ठेवले आहे. व्यवहारात झिजून, हरवून, वितळून जी नाणी कमी होतात, ती दुर्मिळ होतात. पेटीत बसलेली कमी व्हावयाची कशी?

म्हणून चिरंजीवांनी एक साधा प्रयोग करावा. आपल्याजवळील एखादे दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेले नाणे घेऊन बेंगळुरातील नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे जावे. प्रथम त्याची विक्रीची किंमत विचारावी. मग, "मी विकावयास आलो आहे, आपण काय द्याल?" असे विचारावे. ह्या दोन उत्तरांतील अंतर कळले की बहिणीच्या लग्नाचा पैसा कोठे ठेवावा हे त्यांचे त्यांनाच उमगेल. लोक विकण्यासाठी जे आकडे लावून ठेवतात ते भाव नव्हेत. लिलावात प्रत्यक्ष पैसे मोजून जे गेले तोच भाव. हौस म्हणून वर्षाकाठी एखादे आवडीचे नाणे त्यांनी अवश्य घ्यावे. लग्नाची पुंजी मात्र त्यात घालू नये, असे आम्हांस वाटते.

डब्यातील रोजच्या व्यवहारातून वेचलेल्या नाण्यांची गोष्ट निराळी. शिवछत्रपतींचे १९९९ चे दोन रुपये किंवा बसवेश्वरांचे २००६ चे पाच रुपये मामंजींना सुट्या पैशांत मिळाले असतील. अशा नाण्यांचा बाजारभाव बहुधा फार नसतो, पण ती कोठे पाडली हे शोधण्यात मौज आहे. सनाच्या खाली बारीक चौकट उभी असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. चांगले भिंग हवे, एवढेच. स्मारक नाण्यांच्या अनोळखी चित्रांमुळे एक नसती आपत्तीही उद्‌भवली होती. दहा रुपयांची नाणी खोटी समजून दुकानदार नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की, त्या वेळेपर्यंत निघालेल्या चौदाही चित्रांची नाणी खरी आहेत.

शिवछत्रपतींचा विषय निघालाच आहे म्हणून एक सावधगिरीची सूचना. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ आहे. त्याच्या नकला मात्र उदंड. हौसेने गळ्यात घालावयास त्या ठीक आहेत. कोणी घरी येऊन खरा होन म्हणून दाखवू लागला तर जाणकाराकडून पाहून घेतल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. नाशिकजवळ अंजनेरीस नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे. जुन्या नाण्यांविषयी गंभीरपणे शिकू इच्छिणाऱ्यांना तिची माहिती असावी.

दिवाळीपूर्वी डबा काढून सगळी नाणी चिंच व राख लावून घासावीत, असा आपला बेत पत्राच्या शेवटी कळविला आहे. तो कृपा करून रद्द करावा. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत तेथेच जाते. चांदीवर चढलेली काळसर झाक हा दोष नव्हे. नाणी कडेने धरावीत. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, रबरी पट्टीने बांधू नयेत, रबरातील गंधकाने चांदी काळी पडते. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांतून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो, त्याही टाळाव्यात. कोऱ्या कागदाची लहान पाकिटे करून प्रत्येकावर नाव, सन, वजन आणि नाणे कोणाकडून आले ते लिहावे. मामंजींनी एखादी नोंद ठेवली असेल तर ती फेकू नये.

नेहरूंच्या रुपयावरील सनाखाली चौकट आहे की जागा मोकळी आहे, आणि गांधीजींची दोन्ही नाणी सराफाच्या काट्यावर पंधरा ग्रॅम भरतात काय, एवढे बाईंनी पाहून कळवावे. पुढील लेखात त्याविषयी लिहू.