सत्कार कुणाचा झाला?

२०१९ सालच्या आठ मार्चची गोष्ट. स्वारगेटजवळच्या एका छोट्या सभागृहात आम्ही चार-पाच गटांनी मिळून महिला दिनाचा कार्यक्रम ठेवला होता. सत्कारासाठी एक नाव मी सुचवलं होतं. युरोपातून आलेली तेवीस वर्षांची एक मुलगी. एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ मुलांच्या एका बालगृहात राहून ती सहा महिने विनामोबदला काम करत होती. शाल, श्रीफळ, पुस्तक सगळं झालं. पाठ करून आणलेली मराठीतली चार वाक्यं तिनं म्हटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझ्याही टाळ्या होत्या.

शेवटच्या रांगेत त्याच बालगृहातल्या मावशी बसल्या होत्या. मांडीवर पाच वर्षांची एक मुलगी. परदेशी ताईला सोडून राहायला ती तयार नव्हती, म्हणून तिलाही आणलं होतं. भाषणं लांबली तशा मावशी घड्याळाकडे बघायला लागल्या, कारण रात्री आठची गोळी चुकवून चालत नाही. आठ वाजता त्यांनी पिशवीतून वाटी काढली, गोळी पाण्यात विरघळवली, चमच्यानं पाजली, वर गुळाचा खडा दिला. हे त्या अकरा वर्षं करत होत्या, वेगवेगळ्या मुलांसाठी. सत्काराला त्यांचं नाव सुचवावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवर शिबिरांतून तासन् तास बोलणारी!

त्या मुलीबद्दल आकसानं लिहायचं नाही. ती मनापासून काम करत होती. बालगृहात स्वयंपाकाला एक नवी बाई आली होती, ती मुलांची ताटं हात न लावता काठीनं सरकवायची. परदेशी ताई एका दुपारी मुलांमध्ये बसली, एकाच्या ताटातला उरलेला वरणभात तिनं खाऊन टाकला. स्पर्शानं, एकत्र जेवण्यानं एचआयव्ही होत नाही हे आम्ही पोस्टर लावून सांगत होतो. त्या बाईला ते त्या दुपारी पटलं. पण मग वाटतं, मावशी तर अकरा वर्षं त्याच मुलांचं ओकलेलं, हगलेलं उघड्या हातांनी काढत होत्या. त्यावरून कुणी काही शिकलं का? गोऱ्या हातांनी केलं की तो धडा होतो. मावशींनी केलं तर ते बाईचं कामच असतं.

या कामाचा आपल्याकडचा इतिहासही बायकांच्या हातांचा आहे. विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली पुण्यात ‘मानव्य’ उभी केली, भूगावला एचआयव्हीबाधित मुलांसाठी घर चालवलं. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी २००१ च्या सुमारास टाकलेल्या दोन बाधित मुलींना आधी स्वतःच्या घरात आणलं आणि त्यातून ‘पालवी’ झाली. ते दिवस वेगळे होते. मोफत एआरटी औषधं आपल्या देशात एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मिळू लागली, मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीला सुरू झाला. त्याआधी अशा घरांत मुलं मरायची. तिथं हवी होती ती एक मांडी, शेवटच्या दिवसांत न घाबरता जवळ घेणारी. अशा वेळी आलेला कुठल्याही देशाचा माणूस देवासारखाच वाटणार.

आता मुलं मरत नाहीत, वाढतात. नेमकं हेच आपल्या लक्षात आलेलं नाही. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारी औषधं मिळू लागल्यापासून नवी बाधित बाळंही कमी झाली. जी आहेत ती मोठी होत आहेत. त्यांच्या संगोपनाचा अर्थ दहा-बारा वर्षं रोज ठरल्या वेळी गोळी. शाळेचा दाखला. लातूरजवळ हासेगावात २००९ साली ‘सेवालय’ची मुलं गावच्या शाळेत बसली म्हणून पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली होती, हे विसरू नका. मग पहिली पाळी. मग एका रात्री दिवा मालवल्यावर विचारलेला प्रश्न: मलाच का गोळ्या? माझं लग्न होईल का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या रात्री तिथं असणारं माणूस लागतं, आणि ते पुढच्या वर्षीही तिथंच असावं लागतं.

परदेशी ताई एप्रिलमध्ये गेली. स्वारगेटहून मुंबईच्या गाडीत बसली. आम्ही सोडायला गेलो होतो. गाडी सुटताना ती पाच वर्षांची मुलगी रडली नाही, याचंच आम्हा मोठ्यांना कौतुक वाटलं. त्यानंतर महिनाभर ती रात्री अंथरूण ओलं करत होती. ते रोज धुतलं कुणी, हे सांगायला नको. तिच्या आयुष्यातून आधी आई गेली होती, मग बाप, आणि आता ही. पुढच्या पावसाळ्यात दुसरी एक स्वयंसेविका आली, तिच्याही गळ्यात ती पहिल्याच दिवशी पडली. पाहुण्यांना वाटलं, किती लाघवी मूल आहे! दक्षिण आफ्रिकेत एड्समुळे अनाथ झालेल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० साली यावरच इशारा दिला होता. अनोळखी माणसाला लगेच बिलगणं ही मुलाच्या आनंदाची खूण नसते, पुन्हा पुन्हा तुटलेल्या नात्यांची असते, आणि अशा थोड्या दिवसांच्या ये-जा करणाऱ्या मायेनं लहान मुलांचं नुकसानच होतं, असं त्यांचं म्हणणं. ते वाचलं तेव्हा मला स्वारगेटचा तो फलाट आठवला.

दुसरी गोष्ट फोटोची. ती लिहिताना हात जड होतो, कारण त्यात माझाही वाटा आहे. त्या आठ मार्चला सूत्रसंचालन मी करत होते. भाषणाच्या भरात मी म्हणाले, “ताईंची लाडकी छकुलीही आज इथं आली आहे बरं का!” सगळ्यांनी वळून पाहिलं. भर सभागृहात एका मुलीचं एचआयव्हीचं निदान मी जाहीर केलं होतं, आणि ते कुणालाही खटकलं नाही. परदेशी ताईनं निरोपाच्या वेळी काढलेले फोटो नंतर इंटरनेटवर टाकले, खाली इंग्रजीत ‘पुण्यातील एचआयव्हीग्रस्त अनाथ’ असं लिहून. मुलगी आता सातवीत आहे. वर्गातल्या कुणालातरी तो फोटो मागच्या वर्षी सापडला. तिनं शाळा बदलली.

कायदा नाही असं नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय कुणाचंही निदान उघड करता येत नाही असं तो सांगतो. म्हणजे आमचा कार्यक्रम झाला तेव्हा तो लागू होऊन सहा महिने झाले होते. माझ्या फायलीत त्याची प्रतही होती. संस्थांना माझी विनंती आहे की देणगीदारांची मनं द्रवावीत म्हणून मुलांचे चेहरे वापरणं थांबवा. स्वयंसेवक हवेत तर जरूर घ्या, भाषा शिकवायला, हिशेब लिहायला, मोठ्या मुलांना संगणक शिकवायला. लहान मुलांना मांडीवर घ्यायचं काम मात्र राहणाऱ्या बाईचं, आणि तिला पुरेसा पगार द्या. मावशींना मिळायचा तो आकडा इथं लिहायला मला लाज वाटते. चोवीस तासांची ड्युटी, पंधरा दिवसांनी एक सुट्टी. गुडघे गेले तेव्हा त्या गावी परतल्या. निरोप समारंभ झाला नाही.

आणि ‘अनाथ’ हा शब्द तरी आपण किती तपासून वापरतो? माझ्या कामात भेटलेल्या या मुलांपैकी अनेकांना आजी आहे. भोरच्या पुढच्या एका गावातल्या अशाच आजीला मी दर दोन महिन्यांनी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर भेटते. मुलगा आणि सून दोघंही गेली, अकरा वर्षांचा नातू तिच्याकडे. चुलते म्हणतात, संस्थेत टाक. बापाच्या वाट्याच्या जमिनीवर त्यांचा डोळा आहे. एचआयव्ही कायद्यात बाधित मुलांच्या मालमत्तेच्या रक्षणाची तरतूद आहे, हे त्या गावात कुणी सांगितलेलं नव्हतं. बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये आहेत. आजीचा अर्ज मी स्वतः भरला. कधी दाखला कमी, कधी सही कमी, मंजूर झाल्यावरही पैसे कित्येक महिने आले नाहीत. एक मूल संस्थेत ठेवायला पैसा उभा राहतो, परदेशातूनही येतो. तेच मूल आजीपाशी राहावं म्हणून मात्र कुणी पावती फाडत नाही. आजीजवळचं मूल फोटोत तितकं बिचारं दिसत नाही, हेही कारण असेल.

येत्या आठ मार्चच्या बैठकीत मी शालीचं बजेट आजीच्या गावच्या सातबाऱ्याच्या कामासाठी मागणार आहे, आणि मावशींसारख्या काळजीवाहक बायांच्या किमान वेतनाचा ठराव मांडणार आहे. आपल्या गटांनीही तो मांडावा. काहीजणी म्हणतील, पाहुण्यांशिवाय वर्तमानपत्रात बातमी येत नाही. येत नाही, खरं आहे.

मागच्या खेपेला ससूनमधून औषधं घेऊन आम्ही स्टँडवर परतलो, भोरची गाडी लागायची होती. एचआयव्हीबाधितांना एसटीत सवलत आहे, पण आजी ते कार्ड कंडक्टरला दाखवत नाही, गाडीत गावची माणसं असतात. बायकांचं अर्धं तिकीट काढते, नातवाचंही अर्धं. बाकावर बसून तिनं गोळ्यांची डबी उघडली, पिशवीतून कापूस काढला आणि आत दाबून भरला. चालताना गोळ्या वाजतात म्हणून. डबी लुगड्याच्या ओच्यात गेली. नातू म्हणाला, “आजी, गाडी लागली,” आणि जागा धरायला पुढे पळाला.