साहेबांची मोटार आणि प्राप्तिकराचा काटा

मोठ्या कंपनीतील वरिष्ठ अधिकाऱ्याला पगाराबरोबर मोटारही मिळते. दिवसा ती कचेरीच्या कामी फिरते. संध्याकाळी बाजारात, लग्नकार्याला आणि रविवारी लोणावळ्याला जाते. किंमत, इंधन, विमा, दुरुस्ती, चालकाचा पगार, सारे कंपनीच्या खर्ची पडते. हा रोखीत न दिलेला पगारच होय, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही पटेल. सरकार या पगाराचे मोल काय करते, एवढाच प्रश्न आहे.

1961 च्या प्राप्तिकर कायद्याने अशा सुविधांना ‘अनुलाभ’ मानून पगारात धरले. तत्त्व बिनचूक होते. गोम होती ती नियमावलीत. 2009 साली ठरलेल्या दरांनुसार, मोटार कामासाठी आणि घरासाठीही वापरली जात असेल व सारा खर्च मालक करीत असेल, तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनास महिना 1,800 रुपये, त्याहून मोठ्यास 2,400 रुपये आणि चालक असल्यास आणखी 900 रुपये एवढेच उत्पन्न धरावयाचे. पुढे पंधरा वर्षे हे आकडे जागचे हलले नाहीत. महिना 900 रुपयांत चालक कोणत्या शहरात मिळतो, हे नियमकर्त्यांनी एकदा सांगावयास हवे होते.

हिशेब मांडून पाहावा. चाळीस लाखांची, दोन लिटर इंजिनाची मोटार, चालकासह. या दराने वर्षाचे करयोग्य उत्पन्न 39,600 रुपये. तीस टक्क्यांनी कर, उपकर सोडून, 11,880 रुपये. तीच मोटार पूर्णपणे खासगी वापराची ठरली असती, तर याच नियमावलीप्रमाणे किमतीच्या दहा टक्के, म्हणजे चार लाख रुपये, झिजेपोटी उत्पन्नात धरले गेले असते. इंधन व चालक यांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. निम्मा वापर खासगी मानला तरी नुसत्या झिजेवरचा कर साठ हजार होतो. ‘थोडे कचेरीचे काम’ या शब्दांची किंमत एवढी मोठी आहे! हीच मोटार स्वतःच्या पगारातून घ्यावयाची तर कर भरून चाळीस लाख हाती उरण्यासाठी सुमारे 57 लाख मिळवावे लागतील. शिवाय कंपनी तिच्यावरील घसारा व खर्च आपल्या नफ्यातून वजा करते, ते निराळेच.

उलट बाजूस कल्याणहून लोकलने लोंबकळत येणारा कारकून पाहावा. कंपनीच्या मोटारीने घरून कचेरीत जाणे-येणे हा लाभच नव्हे, असे 1961 चा कायदा स्पष्ट शब्दांत म्हणत होता. कारकुनाला मात्र प्रवासभत्त्यावर 2015 पर्यंत महिना 800 आणि पुढे 1,600 रुपयांचीच सूट होती. 2018 मध्ये तीही गेली आणि तिच्या बदल्यात प्रमाणित वजावट आली. ती वजावट मोटारवाल्या साहेबालाही मिळतेच.

ही विषमता सरकारच्या ध्यानी आली नव्हती असे नाही. 2005 साली चिदंबरम यांनी अनुषंगिक लाभांवर मालकाकडूनच कर घेण्याची तरतूद आणली. मोटारखर्चाचा पाचवा हिस्सा लाभ समजून त्यावर तीस टक्के कर. उद्योगपतींनी हिशेबाच्या कटकटीचा गवगवा केला आणि 2009 मध्ये प्रणव मुखर्जींनी तो कर रद्द केला. भार पुन्हा नोकराच्या उत्पन्नावर आला, पण वर सांगितलेल्या नाममात्र दराने.

खासगी किलोमीटर कोण मोजणार, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. लॉगबुकात लग्नाची वरातही ‘ग्राहकभेट’ होऊ शकते. पण त्यासाठी किलोमीटर मोजावेच लागत नाहीत. ब्रिटनमध्ये वर्षाला 18,000 मैलांहून अधिक कामाचा प्रवास दाखविणाऱ्यास मोठी सवलत असे, त्यामुळे विनाकारण मैल वाढविण्याचा मोह होई. 2002 पासून तेथे मोटारीची छापील किंमत आणि तिचा कार्बन-धूर यांवरून लाभाची टक्केवारी ठरते. महाग मोटारीला जास्त आकारणी, धूर ओकणारीला त्याहून जास्त. आपल्याकडे दहा लाखांची आणि ऐंशी लाखांची मोटार 1.6 लिटरच्या रेषेपलीकडे एकाच काट्यात तोलली गेली. विजेच्या मोटारीला तर सिलिंडरच नसतो.

1961 च्या कायद्याची जागा आता 2025 च्या कायद्याने घेतली आहे. आकडे वेळोवेळी वाढविता येतील. पण ठोक रक्कम किमतीशी जोडलेली नसेल, तर महागाई तिला पुन्हा खाऊन टाकील आणि सर्वांत महाग मोटारीलाच सर्वांत मोठी सवलत मिळत राहील. म्हणून मागणी दरवाढीची नव्हे, किमतीच्या ठरावीक टक्केवारीची हवी. आणि चालकाचा पगार कंपनीच्या वहीत जेवढा लिहिला आहे, त्याच्या खासगी वापराच्या हिश्श्याएवढा तो साहेबाच्या उत्पन्नातही लिहिला जावा.