सेवाभावाची वेठबिगारी

अपंग मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांचा विषय निघाला की सत्ताधाऱ्यांना साने गुरुजी आठवतात. महागाई भत्ता मात्र आठवत नाही. हे काम म्हणजे सेवा, व्रत, पुण्य, असे एकदा म्हटले की वेतनश्रेणीचा प्रश्नच उरत नाही! या भाषेआड जे शोषण चालते त्याकडे समाजवादी कार्यकर्त्यांनीही फारसे लक्ष दिलेले नाही.

विशेष शिक्षणाची बी.एड. ही पदवी २०१५ पासून दोन वर्षांची झाली. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशांपैकी एक क्षेत्र विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच निवडावे लागते. ब्रेलचे सहा ठिपके बोटांना ओळखीचे करून देणे, सांकेतिक भाषेतून व्याकरण शिकविणे, बसचा फलक वाचण्यासारखी साधी गोष्ट लहान लहान पायऱ्यांत मोडून महिनोन्‌महिने शिकविणे, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा आखणे, ही विद्या आहे. ती दयेने येत नाही, अभ्यासाने येते.

शासनालाही हे मान्य आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार नोंदणीवाचून हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कडकपणा योग्यच आहे. परंतु प्रशिक्षित शिक्षक नेमण्याची जबाबदारी २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारांवर टाकलेली आहे. ती न पाळल्याबद्दल एखादा सचिव तुरुंगात गेल्याचे कोणी ऐकले आहे काय?

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरविले: प्राथमिक स्तरावर अशा दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की पदे निश्चित करा आणि जाहीर करा. मधल्या काळात काम थांबले नव्हते. ते कंत्राटी शिक्षक करीत होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर पदे निर्माण करून कंत्राटी शिक्षकांना सामावून घेण्याचा निर्णय केला. या शिक्षकांच्या दीर्घ लढ्याचे ते फळ आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात आणि अपंगत्वाचे प्रकार कायद्यात २१ आहेत. श्रवणदोषाचे शिक्षण घेतलेल्या एकाच शिक्षकाने अंध, स्वमग्न आणि मतिमंद मुलांना आठवड्यातून कितीसे शिकवावे?

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. महाराष्ट्रातील अपंगांच्या विशेष शाळा शालेय शिक्षण खात्याकडे नाहीत. त्या सामाजिक न्याय खात्याकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. अपंगांचे दिव्यांग झाले, खात्याची पाटी बदलली. मूल मात्र शिक्षण खात्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. इतर मुलांना शिक्षण आणि या मुलांना कल्याण, ही विभागणी कोणत्या समतेत बसते?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर तयारच असते. परंतु ज्या विद्यार्थ्याकडून विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क वसूल होते, त्याला पदवीनंतर नोकरीऐवजी व्रताचा उपदेश करणे ही शुद्ध फसवणूक आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्याकडून दोन आकडे लेखी मागावेत: तालुक्यात विशेष गरजा असलेली मुले किती, आणि नियमित वेतनश्रेणीवरील विशेष शिक्षक किती. त्यांना ठरलेल्या प्रमाणानुसार भागाकार करायला सांगावे आणि कमी पडणाऱ्या प्रत्येक पदासाठी मोर्चा काढावा.