नंबर नाही, चालान नाही

मंगळवारी संध्याकाळी मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलो, तर दारातच भाड्याच्या अकरा ई-बाइक. सात उभ्या, चार आडव्या. अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या फरशांवर एक अशी ऐसपैस लवंडली होती, की काठी टेकत आलेल्या एका गृहस्थांना रस्त्यावर उतरून वळसा घालावा लागला. तिथून दहा पावलांवर वर्दीतले दोघे एका सायकलरिक्षाच्या चाकातली हवा सोडत होते. गुन्हा काय? रिक्षा वाटेत उभी होती.

मला ‘रिक्षावाल्यांचे वकील’ म्हणणाऱ्यांनी इथेच पान उलटावं.

दिल्ली महापालिकेने १९६० मध्ये सायकलरिक्षांसाठी उपविधी केले. ज्याची रिक्षा त्यानेच ती चालवायची. चार रिक्षा घेऊन भाड्याने देईन म्हणाल, तर ते बेकायदा. पुढे एकूण संख्येवर मर्यादा आली ९९ हजारांची. विनापरवाना सापडलेली रिक्षा जप्त करायची आणि तोडून भंगारात घालायची, अशीही सोय होती. ‘मानुषी’ संस्थेच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. म्हणजे तीन चाकं आणि दोन पायांच्या या धंद्यावर पन्नास वर्षं पहारा होता.

आता ई-बाइक पाहा. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, की केंद्राच्या नियमांत ती ‘मोटार वाहन’च उरत नाही. मग नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. एखाद्याने स्वतःची हलकी गाडी काढून दूध आणायला जावं, त्याला ही सवलत शोभते. पण तीच सवलत एका मालकाच्या अख्ख्या ताफ्याला? जी गोष्ट रिक्षात गुन्हा होती, अनेक गाड्या घेऊन भाड्याने देण्याची, तीच इथे ‘स्टार्टअप’ झाली.

माझा जुना संशय आहे, पुरावा मागू नका: दिल्लीत अतिक्रमण वस्तूवरून ठरत नाही, मालकाच्या इंग्रजीवरून ठरतं.

या गाड्या नकोत असं मी म्हणत नाही. गुरुग्राम-नोएडात स्टेशन ते ऑफिस हा शेवटचा तुकडा पार करायला त्या कामाच्या आहेत, आणि डिलिव्हरीच्या पोरांची तर त्यावर रोजीरोटी आहे. पॅरिसने २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या ई-स्कूटर हाकलल्या. मतदानाला आले शंभरात सात-आठ, त्यांतले ८९ टक्के विरोधात. तो थाट आपल्याला नको.

पण गाडी कुठे पडली आहे हे कंपनीच्या सर्व्हरला ठाऊक असतं. पैसे मिनिटाच्या हिशेबाने कापता येतात, तर जागेचं भाडंही कापता येईल. आखलेल्या चौकटीबाहेर गाडी सोडली, तर दंड कंपनीला, पोराला नव्हे. गाडीवर वीतभर उंचीचा नंबर आणि दर स्टेशनाबाहेर पांढरे पट्टे, एवढ्यासाठी आयोग नेमायला लागू नये.

बुधवारी सकाळी पाहिलं, तर त्या अकराच्या अकरा गाड्या नीट रांगेत लावलेल्या. रिक्षा उभ्या राहतात, त्या जागेत.