टीडीएस पाहून विहीर पास करू नका

इतवारीतल्या जुन्या वाड्यांत अजूनही विहिरी आहेत. नळाला पाणी आले नाही की धुणीभांडी आणि उन्हाळ्यात कूलर तिच्यावरच चालतात. अडीअडचणीला ते पाणी पिण्यातही येते. घरातला कुणी हौसेने तपासणी करून आणतो. अहवालात टीडीएस ४२० दिसतो, मर्यादा ५००. झाले, विहीर पास!

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. त्यावरून चवीचा अंदाज येतो, जंतूंचा नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मानकानुसार दुसरा स्रोत नसेल तर लिटरमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस खपवून घेता येतो. नायट्रेटला अशी सवलत नाही. ४५ म्हणजे ४५. ई. कोलाय तर १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको. अहवालातली कोणती ओळ आधी वाचायची, याचे उत्तर यातच आहे.

दाट वस्तीत विहीर आणि गटार शेजारी-शेजारी असतात. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही चढे दिसले, तर सांडपाणी झिरपत असल्याची शंका घ्यावी. सोबत ई. कोलाय सापडला, तर विष्ठेचा संसर्ग पाण्यात पोहोचलाच आहे.

‘आम्ही उकळून पितो’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तसेच राहते, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरनेही ते जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे वरचे दूध अशा पाण्यात कालवले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते. घरात तान्हे मूल असेल तर हा आकडा पाहिल्याशिवाय ते पाणी वापरूच नये.

नमुना शीतपेयाच्या बाटलीत नेण्याची सवयही सोडायला हवी. जंतुतपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. प्रयोगशाळांनीही नुसता आकड्यांचा तक्ता हाती न देता ‘पिण्यास योग्य’ की ‘अयोग्य’ आणि का, हे मराठीत वर लिहावे. १९५८ पासून नीरीसारखी संस्था असलेल्या शहरात ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणि मे महिन्यातला चांगला अहवाल जुलैत दाखवू नये. पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावरचे पाणी उघड्या विहिरीत उतरते. तपासणी त्यानंतर पुन्हा करावी.